एका पानात मावेल एवढंच

लग्नाआधी मी वर्ध्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. देवळीला सासरी आल्यावर दोनेक वर्षांनी नवऱ्याने आमच्या कापडाच्या दुकानातला एक कोपरा मोकळा करून तिथे कॉम्प्युटर लावला, टेलिफोनवरचं इंटरनेट घेतलं आणि बाहेर पाटी लावली. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. लोक निकालाला यायचे, कापसाचा भाव विचारायला यायचे, नोकरीच्या जाहिराती पाहायला यायचे.

एक शब्द टाकला की पानांची रांग लागायची. एका पानावर एक तारीख, दुसऱ्यावर दुसरी. काही पानं उघडलीच तर अक्षरांच्या जागी चौकोन. माणूस मागे स्टुलावर बसून कंटाळायचा आणि म्हणायचा, "ताई, यातलं खरं कोणतं तेवढं सांगा ना."

मी सांगायची. ते चुकतही असेल, हे मनात आलं नव्हतं.

आंजीचे एक शेतकरी बारावी झालेल्या मुलीला घेऊन आले. तिला नर्सिंगला जायचं होतं. मी एका कॉलेजची सूचना शोधून, छापून दिली. दोघं सकाळची एसटी धरून नागपूरला गेले आणि कॉलेजच्या फाटकावरून परत आले. ती सूचना आदल्या वर्षीची होती.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी कागदाची घडी उलगडून काउंटरवर ठेवली. "कागद तं बरोबर आहे, ताई. साल चुकलं." एवढंच बोलले. मुलगी खाली पाहत होती. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मी त्यांच्यासमोरच कॉलेजला फोन लावला. तीन वेळा कोणी उचलला नाही, चौथ्या वेळी एका बाईंनी नीट सांगितलं. अर्ज अजून निघायचे होते. तारीख मी वहीत लिहून घेतली. मुलीचा अर्ज वेळेत गेला आणि त्या वर्षी तिला प्रवेशही मिळाला. पेढे द्यायला ती एकटीच आली होती.

त्या फोननंतर मला सुचलं, की लोकांना हवं ते शोधून, फोनवर विचारून, एका कागदावर का देऊ नये? सासऱ्यांना सांगितलं. ते आयुष्यभर सिंदीच्या बाजारात कापूस घेत आले होते, आता दुकानात गल्ल्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसत.

"तुह्या त्या डब्यात सगळं फुकट आहे म्हणते," ते म्हणाले, "मग लोक तुह्याजवळून काऊन घेतील?"

"मामाजी, फुकट आहे म्हणूनच फार आहे. निवडायला कोणाला वेळ आहे?"

त्यांनी मान हलवली, पण पहिला अंक पाहायला मागितला. चांगली चार पानं झाली होती. मी खूश होते. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन्सिल घेतली आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारू लागले.

"हे कोणाच्या कामाचं आहे?"

"माहिती आहे, असू द्या."

"आमच्या बाजारात कापसात कचरा असला तं भाव पडते, सूनबाई. काढ."

मला राग आला. चार पानांचं एक पान झालं. संध्याकाळी ते पान पुन्हा वाचलं आणि राग गेला, कारण पहिल्यांदाच मला स्वतःला ते सरळ वाचता आलं.

दर गुरुवारी पान निघू लागलं; आमच्या दुकानात आणि बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर ते विकत मिळायचं. भाव, अर्जांच्या तारखा, भरती, दवाखान्याची शिबिरं. प्रत्येक ओळीखाली कोणाला, कोणत्या दिवशी विचारलं ते. एकदा सोयाबीनच्या भावाचा काही पत्ता लागेना. मी ती ओळच गाळणार होते. सासरे म्हणाले, "गाळू नको. कळलं नाई म्हणून लिही."

मी लिहिलं. त्या आठवड्यात बसस्टँडवरच्या चहावाल्याने मला थांबवलं. "वहिनी, तुम्ही कळलं नाई म्हणून लिहिलं, म्हणजे बाकीचं खरं असंन." पुढच्या अंकापासून त्याने वीस पानं जास्त मागितली. मग खतांचे दुकानदार, शिलाईवाले, मंडपवाले मागच्या बाजूला आपली जाहिरात द्या म्हणून येऊ लागले. घरातल्या घरात एक धंदा उभा राहिला, आणि सासरे आल्यागेल्याला सांगू लागले, "आमची सूनबाई निवडून देऊन राह्यली."

सिंदीकरांनी स्वतःचं वेगळं पान मागितलं तेव्हा मी गठ्ठा घेऊन दर शुक्रवारी तिकडे जाऊ लागले. एकदा बसमध्ये शेजारच्या बाई आमचंच पान वाचत होत्या. मी वाकून पाहते आहे असं त्यांच्या लक्षात आलं.

"वाचता का?" त्यांनी विचारलं. "घ्या. पण परत देजा हं, माह्या भावाले दाखवाचं आहे."

मी पान हातात घेतलं. गठ्ठा पायाशी पिशवीत होता, पण तो मी काढला नाही. वाटेतलं सेलू येईपर्यंत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं आणि घडी घालून त्यांचं त्यांना परत दिलं.