कागदावरचे प्रवासी

माझ्या बायकोच्या मामांइतका मनापासून रागावणारा माणूस अख्ख्या चंदीगडमध्ये नव्हता. मूळचे साताऱ्याचे, मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवून निवृत्त झालेले. पोह्यांत मटार दिसले की बशी बाजूला सारत. रस्ते इतके सरळ की माणसाला चुकायचीही सोय नाही, म्हणून गावावरच चिडत. एकदा दाराची घंटा फार गोड वाजते म्हणून त्यांनी ती बदलून आणली.

तेव्हा मी मोहालीतल्या छोट्या कंपनीत डिझायनर होतो. सेक्टर ४३च्या बसस्थानकासाठी आम्ही बसच्या वेळा सांगणारं यंत्र करत होतो. पडद्याला बोट लावायचं, वेळ वाचायची. साहेबांनी आधी 'पर्सोना' करायला सांगितलं, म्हणजे यंत्र वापरणारी कल्पित माणसं. रविवारी जेवायला गेलो तेव्हा मी तयार केलेल्या पर्सोनांचे तीन कागद मामांना कौतुकानं दाखवले.

"हा गुरप्रीत कोण?"

"कुणी नाही, मामा. शेतकरी, वय पंचेचाळीस, थोडं इंग्रजी वाचतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"आम्ही धरून चाललोय."

मामांनी जेवण अर्धं टाकलं. "खरे प्रवासी स्कूटरनं दहा मिनिटांवर उभे आहेत आणि तू घरात बसून खोटे बनवतोस? रोगी बाहेर बसवून मी मनानं आजार ठरवला असता तर?"

हात धुऊन ते थेट माझ्या स्कूटरवर बसले. स्थानकात गाठोडं घेऊन बसलेल्या एका म्हातारीला त्यांनी विचारलं, "बीबीजी, बस का टाइम कैसे पता चलता है?"

"पढ़ना कित्थे आंदा, वीरजी. कंडक्टर दी आवाज सुण के."

"ही तुझ्या कुठल्या कागदात बसते?" मामा माझ्यावर कडाडले. आणखी सातआठ जणांनीही तेच सांगितलं: वाचता येत नाही, कंडक्टरची हाक ऐकून बस कळते.

सोमवारी मी साहेबांना म्हणालो, पर्सोना नकोत, माणसं समोर आहेत.

"क्लायंट को क्या दिखाएँगे, यार?"

मामांचा राग मलाही लागला असावा. मी नोकरीत पहिल्यांदाच आवाज चढवला. साहेबांनी कुरकुरत स्थानकावरच्या माणसांशी बोलायला आठवडा दिला आणि शेवटी यंत्राला आवाज मिळाला, पंजाबी आणि हिंदी.

ते बसवलं त्या दिवशी मी मामांना घेऊन गेलो. त्यांनी पडद्यावरची दोन्ही भाषांची बटणं दाबून पाहिली.

"मराठी का नाही?"

"इथं मराठी प्रवासी किती, मामा?"

"मी आहे की."

मी हसलो, ते हसले नाहीत. मामी गेल्यापासून त्यांच्या घरात मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. दर रविवारी आम्हाला जेवायला का बोलावतात, हे मला त्या गर्दीत उमगलं. परतताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं स्कूटर घेतली आणि ते मागे बसून सगळा वेळ मला रागवत राहिले.