घरासाठी भिजवलेला चुना

माघातल्या सकाळी इस्लामपुरात उतरलं, की आधी कारखान्याच्या मळीचा आंबूस वास भेटतो, आणि त्याच्या आडून, बहुधा मला एकटीलाच येणारा, भिजल्या चुन्याचा थंड, ओला वास. अब्बा गवंडी होते. मी कॉलेजात गेले त्या वर्षी त्यांनी परसातल्या हौदात चुना भिजत घातला, माझ्या घरासाठी. पाण्याखाली चुना जितका मुरेल तितका भिंत धरून ठेवतो, म्हणायचे. "पानी आटू द्यायचं न्हाई," एवढीच घरात सगळ्यांना ताकीद. मी मात्र पुण्यात सातव्या मजल्यावर तयार फ्लॅट घेतला. तो पाहायला आले तेव्हा त्यांनी भिंतीवर बोटाचं पेर वाजवलं आणि कान देऊन ऐकलं. आता त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्या वाजवण्याची आठवण मला अजून छळते.

इमारतींचं आयुष्य मोजणं हे माझं काम: खणलेल्या मातीपासून, भट्टीच्या धुरापासून ते अखेरच्या राडारोड्यापर्यंत, एखादी वास्तू या पृथ्वीला किती जड पडते ते पाहायचं. यंदा गावातलीच जुनी शाळा वाट्याला आली, अब्बांनी तरुणपणी बांधलेली. पाडून नवी बांधायची, की हीच दुरुस्त करायची? आकडे दुरुस्तीकडे झुकत होते. अब्बांवरच्या मायेनं तर झुकवले नाहीत ना, म्हणून मी ते पुन्हा तपासले. पण अब्बांचे जुने जोडीदार म्हादूकाका भिंतीच्या सांध्यात नख घालून म्हणाले, "सिमीट हिला मानवत न्हाई, पोरी. मुरल्याला चुना पायजे. त्यो आता कुटं गावायचा? न्हाई गावला तर पाडाच."

तेव्हा मला हौद आठवला. एव्हाना पाणी आटून चुन्याचा दगड झाला असणार, असं मनाशी म्हणत मी परसात गेले, हौदावरची फळी उचलली, आणि उन्हाची तिरीप थेट पाण्यावर पडली. हौद काठोकाठ भरलेला होता. अब्बा गेल्यापासून अम्मी, गावात असली की, दर जुम्म्याला दोन कळशा ओतत आली होती, मला एका शब्दानं न सांगता. अब्बांची थापी आत घातली तर चुना लोण्यासारखा वर आला.

मी तो शाळेसाठी मागितला.

"आनि तुझं घर?" अम्मीनं विचारलं.

दर पावसाळ्यात माझ्या फ्लॅटवर महिना काढणारी माझी आई हे विचारत होती, आणि मला रडू आवरेना. भट्टीत भाजताना चुना हवेत जो कर्बवायू सोडतो, त्यातला बराचसा भिंतीत बसल्यावर वर्षानुवर्षं हळूहळू परत घेतो, हे मी अहवालात कितीदा लिहिलं आहे. तिला मात्र मी थापीवरचा चुना नुसता पुढे करून दाखवला. तो बोटानं दाबून पाहत ती म्हणाली, "ने. त्यांचीच भिंत हाय."

दोन दिवसांत हौद उपसला गेला. शाळा वाचली. तळाशी घमेलंभर चुना उरला होता, तो मात्र अम्मीनं कुणाला नेऊ दिला नाही. निघायच्या दिवशी शुक्रवार होता. बसची वेळ झाली तरी ती दिसेना म्हणून परसात डोकावले, तर ती भरलेली कळशी कमरेवर घेऊन हौदाकडे चालली होती.

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याकडून कळशी घेतली.