पापडानंतरचं ताट

मंडळी, आज दुपारी शेजारच्या सिंधी काकींबरोबर त्यांच्या घरी सिनेमा पाहिला. त्यात परदेशी गेलेलं कुटुंब तिथल्या पाहुणीला आग्रह करकरून वाढतं आणि ती बिचारी घाबरून जाते.

काकी हसत सुटल्या. "अगं, फाळणीनंतर आम्ही संगमनेरला आलो, तेव्हा तुझी आजी भेटायला आली. आमच्या रीतीप्रमाणे आईने पापड अन् पाणी दिलं. आजीला वाटलं, पापड आला म्हणजे मागून ताट येणार. ती उठेचना! आईला कळेना, ही बाई जात का नाही?"

"मग?"

"दुपार टळली तशी आजी घरी गेली अन् पिठलं-भाकरी घेऊन आली. म्हणाली, 'नुसत्या पापडावर कुटं जेवन हुतंय व्हय!'"

सिनेमा संपल्यावर काकींनी मला पापड भाजून दिला. मी मुद्दाम बसून राहिले.

ताट आलं!

तुम्ही असे हक्काने कुणाकडे बसून राहता?