उजवीकडे ओढणारी गाडी

माझ्या नणंदेकडे स्वतःची मोटार होती. एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत नाशकात मोटारी मोजक्याच, आणि मोटार चालवणारी बाई तर आमच्या आळीनं वन्संच्या आधी पाहिलीच नव्हती. वन्सं डॉक्टर होत्या. यांच्या पाठची बहीण. मुंबईला शिकून परत आल्या आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी दवाखाना सुरू केला. लग्न केलं नाही. मी सून म्हणून घरात आले तेव्हा मला सासूपेक्षा त्यांचाच धाक वाटायचा. बोलणं थोडं, आणि जे बोलतील ते ठाम.

गाडी जुनी होती, कापडी टपाची, मुंबईच्या एका गृहस्थांनी वापरून विकलेली. तिच्यातून वन्सं खेड्यापाड्यांत बाळंतपणं करायला जायच्या.

एकदा सकाळी त्या मला पंचवटीत सोडायला निघाल्या. गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीवरच्या, पुलाकडे जाणारा उतार लागला. समोरून टांगा येत होता, म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. गाडी मंदावली खरी, पण मंदावता मंदावता उजवीकडे वळली, थेट टांग्याच्या अंगावर. वन्संनी दोन्ही हातांनी चाक डावीकडे ओढून धरलं. गाडी थांबली तेव्हा घोड्याचं तोंड माझ्या इतकं जवळ होतं की त्याचा श्वास मला लागला.

टांगेवाले चाचा आमच्या ओळखीचे. दवाखान्यात पेशंट आणायचे. त्यांनी उतरून घोड्याच्या मानेवर थोपटलं आणि म्हणाले, "बाई, घोड्याला काही झालं नाही, अल्लाची मेहेरबानी. पण एवढा रस्ता मोकळा सोडून तुमची गाडी नेम धरून माझ्याकडंच का आली?"

"तेच शोधायचं आहे, चाचा," वन्सं म्हणाल्या. त्यांनी माफी मागितली, मला त्याच टांग्यात बसवून पंचवटीला धाडलं, आणि गाडी अगदी पायी चालल्यासारखी हळूहळू घरी नेली.

संध्याकाळी हे म्हणाले, "मुंबईहून माणूस बोलावू. नाहीतर विकून टाक ते धूड."

"माणूस येईल तेव्हा येईल," वन्सं म्हणाल्या. "तोवर बघायला काय हरकत आहे?"

दुसऱ्या दिवशी दवाखाना आटोपल्यावर त्यांनी पदर खोचला आणि मला हाक मारली. "वहिनी, जरा गाडीत बसा. मी सांगेन तेव्हा पेडल दाबायचं."

चालकाच्या जागी मी आयुष्यात पहिल्यांदा बसले. त्या एकेक चाक जॅकनं उचलायच्या, हातानं गरगर फिरवायच्या आणि ओरडायच्या, "दाबा!" पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी थांबली. मागचं उजवंही थांबलं. मागचं डावं मात्र मी सगळा जोर लावला तरी फिरतच राहिलं.

वन्सं खुशीत येऊन उठल्या. "बघितलंत? उजवी बाजू धरते, डावी निम्मीच धरते. म्हणून गाडी उजवीकडे ओढली जाते."

चाकामागचा लोखंडी ड्रम मात्र निघेना. ठोकून पाहिलं, तेल सोडून पाहिलं. मग त्यांनी एक युक्ती केली. मधला मोठा नट सैल केला, पण पुरता काढला नाही. चाक खाली टेकवलं आणि आम्ही दोघी गाडी अंगणात पुढे-मागे ढकलू लागलो. शेजारच्या बायका कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. मला लाजेनं मान वर करवेना. वन्सं मात्र, भाजी निवडावी इतक्या सहजपणे ढकलत होत्या. बऱ्याच वेळानं आतून 'खट्' असा आवाज आला आणि ड्रम सुटला.

आतल्या ब्रेकच्या पट्ट्या काळ्याशार, तेलानं निथळत होत्या. पट्टीनं ड्रमला घासून चाक धरायचं, आणि इथे तर सगळं बुळबुळीत. वन्संनी त्या पेट्रोलनं धुतल्या, उन्हात वाळवल्या, परत बसवल्या. त्या दिवशी ब्रेक झकास लागला. मी तर देवापुढे साखर ठेवली.

दोन-तीन दिवस गाडी गावातल्या गावात फिरली. नंतर परत उजवीकडे ओढू लागली.

नेमक्या त्याच दुपारी सिन्नरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून एक शेतकरी धापा टाकत आला. बायको रात्रीपासून अडली होती. "बाई, मोटार काढा लवकर. लय हाल व्हत्यात तिचे."

वन्संनी बॅग उचलली आणि मला म्हणाल्या, "चाचांना बोलवा."

हे चिडले. "अगं, हळू चालव ना गाडी! टांग्यानं जाशील तर दिवस मावळेल."

"रस्त्यात कुणाला चिरडलं तर त्याला कोण वाचवेल? आणि मग त्या अडलेल्या बाईपर्यंत कोण पोचेल?" त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, पण चेहरा उतरलेला होता. त्यांना टांगा किती हळू जातो ते आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्या टांग्यात बसल्या. चाचांनी घोडा असा पळवला की वळणावर त्यांची टोपी उडाली, ती उचलायलासुद्धा ते थांबले नाहीत.

वन्सं दुसऱ्या दिवशी परतल्या. बाई आणि मूल दोघंही सुखरूप होती. पण उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. चहा घेतला, अंघोळ केली, आणि थेट गाडीपाशी गेल्या.

"पट्टी पुसून उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "तेल येतं कुठून ते अडवलं पाहिजे."

ड्रम परत उतरवला. चाकाच्या आसाभोवती तेल आत रोखायला नमद्याचं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं, एक कडं असतं. ते सुकून लाकडासारखं कडक झालं होतं. मधल्या फटीतून तेल झिरपत पट्टीवर येत होतं. नवं कडं मुंबईहून यायला आठवडे लागले असते. वन्सं ते हातात फिरवत बसल्या, आणि एकदम म्हणाल्या, "घोड्याच्या खोगिराखाली नमदाच असतो की!"

चाचांकडे नवा, जाड नमदा होता. त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही, एक कोपरा कापून दिला. "माझ्याच अंगावर येत होती ना? मग माझाच नमदा लावा," म्हणाले. वन्संनी दवाखान्यातल्या कात्रीनं त्याचं गोल कडं कापलं, कोमट ग्रीसमध्ये मुरवलं आणि बसवलं. पट्ट्या माझ्या शेगडीवर तापवल्या. वरवर कोरड्या दिसणाऱ्या त्या पट्ट्यांतून तेल बुडबुडत बाहेर आलं तेव्हा मी थक्क झाले. मग गाडीखाली पाठीवर पडून त्यांनी ब्रेकच्या सळया एकसारख्या ताणल्या. थोडं पिळायचं, मला पेडल दाबायला लावायचं, चाक फिरवून पाहायचं, परत थोडं पिळायचं. हातांना काळं लागलं होतं, कोपर सोललं होतं. मी म्हटलं, "आता पुरे करा." त्या म्हणाल्या, "जवळजवळ बरोबर म्हणजे बरोबर नव्हे, वहिनी."

पहिली चाचणी त्यांनी एकटीनं केली. मला बसू दिलं नाही. आठ-दहा दिवस त्या रिकामी गाडी घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर जात, मुद्दाम ब्रेक दाबत आणि परत येत.

त्यानंतर एकदा त्या मला सिन्नरला घेऊन गेल्या. येताना मोहदरीच्या घाटात वळणाआड मेंढरांचा कळप रस्ताभर पसरला होता. मी डोळे मिटले. गाडी मंदावली, आणखी मंदावली, आणि सरळ रेषेत, कुठेही न वळता थांबली. धनगर निवांत मेंढरं हाकत गेला. त्याला काही घडल्याचं कळलंही नाही.

घाट उतरल्यावर वन्संनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरल्या आणि चारी चाकांच्या ड्रमवर एकामागून एक तळहात टेकवला. मलाही टेकवायला लावला. चारही सारखेच कोमट होते.

"सगळे ब्रेक सारखं काम करताहेत. जो धरत नाही त्याचा ड्रम गार राहतो," त्या म्हणाल्या आणि हात पुसून गाडीत बसल्या. मी मात्र क्षणभर रस्त्यातच उभी राहिले. आमच्या घरात अशी बाई आहे, याचा मला फार अभिमान वाटला. तो बोलून दाखवायचं धाडस तेव्हा झालं नाही, पण त्या दिवसापासून मला वन्संचा धाक कधी वाटला नाही.