नाय सांगायला येणारे जावई

पोलादपूरच्या शाळेत मधल्या सुट्टीत मी डबा उघडत होते, तेवढ्यात महाडहून आलेल्या एस.टी.चा कंडक्टर फाटकातूनच म्हणाला, "बाई, गिरणीवाले गेले वो सकाळी..." गिरणीवाले म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. महाडात त्यांना सगळे विसूभाऊ म्हणत, मी भावोजी. मिळेल त्या गाडीनं महाडला पोचले, तर भातगिरणीचं दार लावलेलं. सणवार सोडला तर दिवसाउजेडी ते दार बंद मी कधी पाहिलं नव्हतं. घरी पोचेपर्यंतही दम निघाला नाही, तिथेच रस्त्यावर मला रडू कोसळलं.

आमचं नातं चिडवाचिडवीचं. मेव्हणीनं टोमणे मारायचे आणि त्यांनी मिशीत हसायचं. टोमण्यांना विषय एकच, त्यांचं खरं बोलणं. डोंगरातून कोणी डोक्यावर भाताचं ओझं घेऊन यायचा, की हे चार दाणे दाताखाली धरणार आणि सांगणार, "भात ओलं आहे. आज भरडलंत तर नुसती कणी पडेल. दोन उन्हं दाखवा नि मग या." तो बिचारा पुटपुटत ओझं उचलायचा आणि सरळ पुढच्या गिरणीत जायचा. "भावोजी, अशानं तुमच्या गिरणीत उंदीरसुद्धा टिकणार नाहीत," मी एकदा म्हटलं. "टिकतील की. उंदरांना कणी चालते," ते म्हणाले आणि पट्टा सारखा करायला वळले.

असा माणूस जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभा राहिला, म्हणजे मित्रांनी त्याला उभा केला. आमचं माहेरगाव त्यांच्याच मतदारसंघात होतं. गाव सावित्रीच्या पलीकडे. पावसाळा सरला की गावकरी बांबू-लाकडांचा साकव घालत आणि पुढच्या पावसात नदी तो घेऊन जाई. मग होडीचा भरवसा, आणि पूर आला की तोही नाही. आमची आई अशाच पुरात गेली. मी तिच्या उशाशी होते. अक्का डॉक्टरांना घेऊन अलीकडच्या काठावर उभी होती आणि होडी घालायला कोणी धजत नव्हतं... पाणी उतरून अक्का घरी आली तेव्हा आईला पोचवून झालं होतं. त्या दिवसापासून अक्काला एकच हवं होतं, नदीवर पूल.

आमच्या गावाची रीत अशी, की गावकी देवळात बसणार, गुरव देवाला गाऱ्हाणं घालणार आणि उमेदवाराच्या हातात नारळ देणार. त्यानं तो नदीकाठी, जिथे पूल हवा त्या जागी फोडायचा. फोडला की शब्द दिला आणि सगळ्या गावाची मतं त्याची. पहिला मान अर्थातच जावयाला. अक्का नवं लुगडं नेसून बायकांत बसली होती, मी तिच्या शेजारी. भावोजींनी नारळ घेतला, कपाळाला लावला आणि उभे राहून म्हणाले, "मंडळी, एवढा पूल जिल्हा परिषदेच्या हातचा नाही, तो सरकारचा. निवडून आलो काय, न आलो काय, मी अर्ज पाठवत राहीन. साकवाला दरवर्षी येऊन खांदा देईन. पण पूल बांधतो म्हणून नारळ फोडला तर देवासमोर खोटं बोलल्यासारखं होईल."

गावकीचे म्होरके रामजीबाबा आईच्या वयाचे. ते जागचे उठले, जवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "जावईबापू, खोटं का व्हयना, पन यक डाव बोला. बरं वाटंल आमाला."

भावोजींचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. पण त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि नारळ पुढे केला. "दिल्याला नारळ माघारी घेत नाय आमी," रामजीबाबा म्हणाले. म्हणून तो नारळ आमच्याबरोबर महाडला आला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या उमेदवारानं ढोलताशा लावून दुसरा नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि तो निवडून आला.

त्या दिवशी देवळातून घरी येताना मी त्यांच्यावर पेटलेच होते. "नुसतं 'बघतो' म्हणायचं होतं. 'बघतो' म्हटल्यानं काय जीभ झडली असती?" ते म्हणाले, "अगं, ज्यांना पूल हवाय त्यांना 'बघतो'सुद्धा 'होय'च ऐकू येतं." मला ते तेव्हा पटलं नाही आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं पटलेलं नाही. अक्का बरेच महिने त्यांना वेळेवर जेवायला वाढी, पण आणखी हवंय का, हे विचारेना. ते पानातलं असेल तेवढं खाऊन उठत.

मात्र साकव घालायची वेळ आली की गिरणी दुसऱ्यावर सोपवून भावोजी गावात हजर. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून साकवाचे खांब, म्हणजे मेढी, धरत. आणि शिमग्याला पालखी देवळापुढे टेकली, की हा गृहस्थ पुढे होऊन सांगणार, "यंदाही पूल मंजूर नाही. अर्ज पुन्हा पाठवलाय." आधी लोक रागावले, मग हसायला लागले. पोरं ओरडत, "आले गो, नाय सांगायला आले!" निवडून आलेले गृहस्थ खोबरं वाटून गेले ते पुन्हा नदीकडे फिरकले नाहीत. हळूहळू गावाचं भात भावोजींच्याच गिरणीत यायला लागलं, तेही नीट वाळवून. एका शिमग्याला परत येऊन भावोजी जेवायला बसले आणि अक्कानं भाताचं पातेलं पुढे घेत विचारलं, "आणखी वाढू?" मी तिथेच होते. भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदा भूक नसताना "वाढ" म्हटलं.

यंदा ते गेले आणि पाठोपाठ शिमगा आला. अक्का म्हणाली, "मला गावाला ने." सुतक फिटलं होतं, तरी तिला गर्दीत न्यायला माझं मन होईना. तिनं ऐकलं नाही. पालखी टेकली, ढोल थांबले आणि सवयीनं सगळ्यांनी त्या एका जागेकडे पाहिलं. अक्का तिथे जाऊन उभी राहिली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "यंदाही पूल मंजूर नाही. अर्ज मी पाठवलाय." रामजीबाबा आता काठी टेकत चालतात. ते आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आलीस ते बरं केलंस, बाय. आमाला वाटलं, औंदा कोन सांगतंय..."

तो नारळ अजून अक्काच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. भावोजी अधूनमधून तो कानाशी हलवून पाहत. आतलं खोबरं सुटून केव्हाच गोटा झालाय, खुळखुळ वाजतो. परवा मी गेले तर अक्का तो पदरानं पुसत होती. मी म्हटलं, "अक्का, पूल होईल ना गं आपल्या हयातीत?" तिनं नारळ कोनाड्यात ठेवला. मला बरं वाटावं म्हणून ती होय म्हणेल, असं क्षणभर वाटलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.