मुलासाठी का, काका?

माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर तारांचे वळ उठलेत. गिटार घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "मुलासाठी का, काका?" माझं डोकंच फिरलं. लहानपणी मागितली तेव्हा घरात परवडत नव्हती. आता स्वतःच्या कमाईतून घ्यायला निघालो, तर हे! त्या रागातच घासाघीस करून मी गिटार आणि रेकॉर्डिंगच्या माईकचा भाव पाडला. "एकदा वाजवून तरी बघा," तो म्हणत होता. वाजवता येत नाही हे त्याच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. म्हणून कलिंगडाला मारतात तशी लाकडावर टिचकी मारली आणि मान डोलावली. तारा दांडीपासून फार उंच आहेत, दाबताना बोटं कापतात, हे घरी कळलं. आयुष्यभर मी असाच भाव आधी पाहत आलो. आज पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात सूर एकही नाही, माझं कण्हणं मात्र स्वच्छ ऐकू येतं. माईक चांगला निघाला.