ऑटोक्लेव्हची सुट्टी

महिन्याचा पहिला बुधवार आमच्या दवाखान्यात ऑटोक्लेव्हचा असतो. ऑपरेशनची हत्यारं आणि कपडे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करणारं हे मशीन त्या दिवशी मी थंड करून उघडायला लावते. तळातली जाळी बाहेर निघते, तिच्यात कापसाचा नि धाग्यांचा चिकट गाळ साचलेला असतो. दाराच्या रबराला कुठं चीर गेली आहे का ते बघायचं, पाणी तापवणाऱ्या कॉइलवरचे क्षार उतरवायचे, सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे ना ते तपासायचं. मग आत चाचणीची पट्टी, वाफ पुरेशी लागली की काळी होणारी, ठेवून मशीन रिकामंच चालवायचं. पट्टी नीट काळी झाली की दुसऱ्या दिवशी काम सुरू. तोवर ठरवून करायचं एकही ऑपरेशन मी घेत नाही. अडलेल्या बाईसाठी म्हणून आधीच निर्जंतुक केलेले दोन संच कपाटात असतात. त्यांना दुसऱ्या कशासाठी कुणी हात लावायचा नाही.

मंगळवार पेठेतला हा दवाखाना माझ्या सासऱ्यांनी उभा केला. त्यांच्या काळात मशीन कुरकुरलं की मेकॅनिकला बोलवायचे. मी कारभार हातात घेतला आणि बुधवारचा नियम केला, तेव्हा त्यांना तो माझा हट्ट वाटला. हट्ट होताच. शिकत असताना एका वॉर्डात मी बाळंतिणींचे पिकलेले टाके उघडले आहेत. पू धुताना एक बाई माझा हात दातांत धरून रडली होती. दोष मशीनचा की आणखी कशाचा, हे शेवटपर्यंत कुणी शोधलं नाही. कारण ते मशीन कधी उघडलंच जात नव्हतं.

तर अशाच एका बुधवारी सकाळी मलकापूरकडचं एक कुटुंब दोन गाड्या भरून दारात उतरलं. त्यांच्या सुनेचं पहिलंच बाळंतपण होतं. बाळ पायाळू होतं, म्हणून सिझेरियन करायचं ठरलेलं होतं आणि मी तिला शुक्रवार दिला होता. पण तिच्या सासऱ्यांनी, सगळे त्यांना आबा म्हणत, पत्रिका दाखवून बुधवार सकाळचा मुहूर्त काढून आणला होता. मला न विचारता त्यांनी माझ्या सासऱ्यांना फोन केला. जुनी ओळख. सासऱ्यांनी होकार देऊन टाकला आणि मला सांगायचं राहिलं, की टाळलं, देव जाणे.

मी आबांना आत नेऊन मशीन दाखवलं. शिवाजी पेठेतला आमचा नेहमीचा मेकॅनिक फरशीवर फडकं पसरून बसला होता, भोवती सगळे भाग सुटे पडले होते. आबांनी एकवार बघितलं.

"मशीन उद्या खोला की, डॉक्टरीणबाई. मुहूर्त काय उद्यापातूर थांबतोय व्हय?"

मी समजावून सांगितलं. तोवर त्यांना कुणीतरी कपाटातल्या संचांबद्दल सांगितलं होतं. ते वापरा म्हणाले. ते अडलेल्या बाईसाठी आहेत, असं म्हटल्यावर त्यांचा आवाज चढला.

"मग आमची सून कोण हाय?"

"आबा, तिला कळा आल्या, पाणी गेलं, तर ह्या क्षणी तिला टेबलावर घेईन. मुहूर्तासाठी नाही घेणार."

माझ्या सासऱ्यांनी मला बाजूच्या खोलीत बोलावलं. दार लावून हळूच म्हणाले, "मी शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलाय, बाबा. टाके मी घालणार आहे."

मी बाहेर आले तर मेकॅनिकनं, माझी अडचण ओळखून, तासाभरात जोडून देऊ का म्हणून विचारलं. चाचणी तेवढी राहील, म्हणाला. मी त्याला कॉइल घासायला सांगितलं.

सून बाकावर बसून होती. रात्रीपासून उपाशी ठेवलेली. सगळ्यांसमोर मी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? तिनं आधी आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला भूक लागलीया," एवढंच म्हणाली. आबांनी तिला उठवलं आणि गाड्या गेल्या.

दुसऱ्या एका दवाखान्यात, मुहूर्तावर, तिला मुलगी झाली. दोघी ठणठणीत. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण लोकांना वाटतं की गोष्टीच्या शेवटी मी बरोबर ठरले असेन. आमच्या मशीनमध्येही त्या दिवशी काही निघालं नाही. रबर चांगलं, व्हॉल्व्ह मोकळा, पट्टी काळीभोर. सासरे म्हणाले, बघ, उगाच माणसं दुखावलीस. मी म्हटलं, काही निघू नये म्हणूनच तर उघडतो.

त्यानंतर मलकापूरच्या बाजूला बोलवा झाली की बाईचं मशीन मोडलंय, शिवाय बाईला माज आहे. तिकडच्या पेशंट कमी झाल्या. ओपीडीतला बाक रिकामा दिसायचा तेव्हा मी नोंदवहीतले पेशंट मोजत बसायचे. सासरे जेवताना माझ्याशी बोलेनासे झाले. मी पेंटरला बोलावून दारावर ठळक पाटी लावून घेतली: पहिल्या बुधवारी ऑटोक्लेव्हची देखभाल, ठरवलेली ऑपरेशन्स होणार नाहीत. सासऱ्यांनी ती काढून जिन्याखाली ठेवली. मी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा मात्र स्क्रू मारून घेतले.

आता काही कुटुंबं पत्रिका घेऊन जातानाच भटजींना सांगतात, पहिला बुधवार सोडून बघा. जे ऐकत नाहीत त्यांना मी गावातल्या दुसऱ्या दवाखान्यांची नावं देते. चांगले आहेत ते. लागली तर गाडीही मागवून देते, आणि बघायला जाते कॉइल घासून कुठपर्यंत आली.